मागच्या खोलीवर पाणी

१

आग लागली होती कपडे धुण्याच्या पावडरीच्या गोदामाला, आणि ती त्याच दुपारी विझली. फेस मात्र आठवडा उलटला तरी गल्लीत होता. गटाराच्या झाकणांतून बुडबुडे येत होते, समोरच्या शिंप्याची पायरी जन्मात झाली नव्हती इतकी स्वच्छ झाली होती, आणि पलीकडच्या शाळेतली पोरं सुट्टी झाली तरी घरी जायचं नाव घेत नव्हती. रडत होता तो एकटा गोदामाचा मालक. त्याचं म्हणणं साधं होतं. आग पुढच्या शेडमध्ये होती. पावडरीची पोती मागच्या खोलीत होती आणि तिथे धुरानेही पाय ठेवला नव्हता. मग अग्निशमन दलाने त्या खोलीवर पाणी मारलंच कशाला?

प्रश्न रास्त होता. उत्तरही होतं, पण ते सरळ नव्हतं. पाणी मारणारी जवान म्हणत होती, वायरलेसवर हुकूम आला म्हणून मारलं. आणि त्या जागी हुकूम देऊ शकणारे जितके होते, ते सगळे म्हणत होते, आम्ही दिलाच नाही. हुकूम तर चौघांनी आपापल्या कानांनी ऐकला होता. फक्त तो देणारं तोंड सापडत नव्हतं.

फेसात घसरून एका जुन्या जवानाचा हात मोडला नसता, तर हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. हात मोडला म्हणून चौकशी लागली, आणि चौकशी लागली म्हणून मुख्य कार्यालयातून एककाने आले.

एककाने हे त्यांचं आडनाव नव्हे. तरुणपणी बंबावर सायरनच्या शेजारची जागा मिळाली आणि त्यांचा उजवा कान कायमचा रजेवर गेला. तेव्हापासून दलात सगळे पाठीमागे त्यांना एककाने म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी ऐकू आल्यासारखं दाखवलं नाही. एका कानाच्या माणसाला ही सोय असते.

बसथांब्यावर त्यांना न्यायला केंद्रप्रमुखांची जीप आली होती. केंद्रप्रमुखांना सगळे मोठे साहेब म्हणत. जीप चालवायला मामा होते. मामा सख्ख्या भाच्यांना कमी आणि परक्यांना जास्त मामा होते. ताडमाड उंची, पांढऱ्या भुवया, आणि कंबरेच्या दुखण्यामुळे बुडाखाली एक लहानशी जाड उशी. एककाने पुढच्या सीटवर टेकले आणि लगेच उठले. खाली वायरलेसचा माइक होता.

"बसा साहेब, चावत नाही तो," मामा म्हणाले. त्यांनी माइक उचलून समोरच्या फळीवर ठेवला. पहिल्याच वळणावर तो घरंगळत परत सीटवर आला. "त्याचा हूक तुटलाय. मेकॅनिक म्हणतो, उद्या बसवतो. त्याचा उद्या बघता बघता माझ्या भुवया पिकल्या."

एककान्यांनी माइक मांडीवर घेतला. सीट इतकी मागे सरकवलेली होती की त्यांचे पाय हवेतच राहिले. ड्रायव्हर त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे नेमका निकामी कानाच्या बाजूला. त्यामुळे अख्खा रस्ता त्यांनी मान पूर्ण वळवून मामांचे सल्ले ऐकले. पहिला सल्ला कानाबद्दल होता, दुसरा गुडघ्यांबद्दल, तिसरा बायकोशी कसं वागावं याबद्दल. मामा सुरुवातीला पुटपुटत बोलत, आणि शेवटचा निकाल मात्र मोठ्याने, शब्द सुटे सुटे करून सुनावत.

"लोक विचारतात, आपण सांगतो," मामा म्हणाले. "मागच्याच आठवड्यात बहिणीच्या सासरची वाटणी मिटवली. दोन भाऊ, चार खोल्या आणि वर्षभराचा अबोला. फोनवर मिटवली मी. एकाने थोडं सोडायचं, एकाने थोडं धरायचं, त्याच्यापलीकडे काही नसतं हो." मग त्यांनी गाडी हळू केली. "साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो. आमच्या धाकटीचा यात दोष नाही. ती पोर हुकमाबाहेर पाऊल टाकायची नाही. हुकूम देऊन जो हरामखोर तोंड शिवून बसलाय ना, तो सापडला की आधी मला दाखवा."

केंद्राच्या दारात मोठे साहेब स्वतः उभे होते. त्यांच्या हातात एक टाइप केलेला कागद होता.

"या, या," ते म्हणाले. "तुम्हाला उगाच त्रास. चौकशी झाली आहे. फक्त तुमची सही राहिली आहे."

२

मोठे साहेब उंचीने बेताचे होते आणि ती कसर त्यांनी मिशीत भरून काढली होती. कागदावर मोजकाच मजकूर होता. अमुक जवानाने घाबरून, हुकूम नसताना, मागील खोलीवर पाणी मारले. सबब तिला आगीच्या कामावरून कायमचे दूर करावे.

"घाबरून कशावरून?" एककान्यांनी विचारलं.

"नवी आहे. आणि हुकूम मी दिलेला नाही. मी उलट सांगत होतो, मागची खोली कोरडी ठेव. घसा फोडून सांगत होतो. सेट नुसता खरखरत होता."

"पण हुकूम तुम्हीही ऐकलात."

मोठ्या साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "ऐकला. मला वाटलं, भोंगा बोलला. पंपावरचा. आगाऊ आहे तो. पण तो नाही म्हणतो."

"मग हुकूम नव्हता असं कसं लिहिता?"

"देणारा नाही, म्हणजे हुकूम नाही," मोठे साहेब म्हणाले. "कागदावर काहीतरी एक लिहायला लागतं ना. संध्याकाळच्या बसला तुम्हाला सोडायला जीप तयार ठेवतो."

एककान्यांनी कागद घडी करून खिशात टाकला, सही न करता, आणि धाकटीला बोलवायला सांगितलं.

धाकटी म्हणजे केंद्रातली सगळ्यात नवी जवान आणि एकुलती एक बाई. भरती झाल्यापासून तिला मागच्या अंगणात ओले पाइप वाळत घालायच्या कामाला लावलं होतं. नोझल हातात द्या म्हणून तिने इतके अर्ज केले, की शेवटी मोठ्या साहेबांनी अर्ज वाचायचा कंटाळा आला म्हणून नोझल दिलं. गोदामाची आग ही तिची पहिली. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि न विचारता बोलायला लागली.

"साहेब, शब्द न् शब्द सांगते. आधी बराच वेळ सेटवर गुरगुर चालली होती, पोत्यात मांजर घातल्यासारखी. मग एकदम स्वच्छ ऐकू आलं. 'ऐका माझं. मागच्या खोलीवर पाणी सोडा, मी सांगतो.' मी बटण दाबून विचारायला गेले, नक्की ना म्हणून. सेट लागलाच नाही. मग मारलं."

"आवाज कोणाचा?"

"डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. आमच्या सेटवर सगळ्यांचा तसाच येतो. मला वाटलं, मोठे साहेब." ती जरा थांबली. "मला पुन्हा पाइप वाळत घालायला बसवतील का?"

एककान्यांना खोटं बोलायची सवय होती, चौकशी अधिकाऱ्याला ठेवावीच लागते. पण या पोरीपुढे ते जमेना. "सध्या तरी तसंच दिसतंय," ते म्हणाले.

ती रडली नाही. तिने फक्त टोपी हातात घेतली आणि तिची कड नीट केली. ती गेल्यावर ते वाक्य त्यांनी स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. मागच्या खोलीवर पाणी सोडा, मी सांगतो. काहीतरी खटकत होतं. दातात अडकलेल्या कणासारखं ते जाणवत होतं, पण जिभेला सापडत नव्हतं.

३

पंपावरच्या भोंग्याला वायरलेसची गरज नव्हती. वायरलेसलाच त्याच्यापासून जपावं लागे. चौकशीच्या खोलीत तो हळू बोलायचा प्रयत्न करत होता, आणि तरी शेजारच्या खोलीतला कारकून दोनदा 'काय म्हणालात' विचारून गेला.

"मी ऐकला साहेब हुकूम. मला वाटलं, मोठे साहेब बोलले. हात मोडलेला म्हणतो, मी बोललो. मी बोललो असतो तर ते सेटवर कशाला ऐकू आलं असतं, असंच ऐकू आलं असतं."

हे बिनतोड होतं. एककान्यांनी मान डोलावली.

"आणि दुसरं सांगतो. हुकमाच्या आधी कोणीतरी लाइनीवर बसलं होतं. आमचे सेट जुने. एकाने बटण दाबून धरलं की बाकी सगळ्यांची तोंडं बंद. मी बोंबलतोय, पाण्याचा दाब कमी झालाय, पण जातच नाही. शेवटी सेट ठेवला आणि तसाच ओरडलो."

"कोण बसलं होतं लाइनीवर?"

"ते दिसलं असतं तर उठवलं नसतं का?"

मग एककान्यांनी अगदीच बावळट वाटेल असा प्रश्न विचारला. "तुमच्याकडे पाणी हवं असलं की काय म्हणतात?"

भोंगा चक्रावला. "काय म्हणणार? ती म्हणते, पाणी दे. मी देतो. मग ती मारते. मी देणार, ती मारणार."

"आणि सोडतं कोण?"

"सोडतो आम्ही पाइप. गाडीवरून खाली. पाणी कोण सोडेल, साहेब? पाणी बागेत सोडतात."

कण जिभेला सापडला. एककान्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आणखी एक. तुझे मोठे साहेब धाकटीला काय म्हणतात? पाणी मारा की पाणी मार?"

"मार. ते सगळ्यांना अरे-कारे करतात. महापौर सोडून."

"आणि तू?"

"मी पण. धाकट्या बहिणीसारखी आहे ती. तिला इथे कोण अहो-जाहो करणार?" भोंगा हसला, आणि हसता हसता मध्येच थांबला. "एक जण करतो. आणि तो त्या दिवशी तिथेच होता."

४

तो सेटवाला होता. नवे वायरलेस सेट विकायला आलेला हा गृहस्थ गेले काही दिवस केंद्रातच मुक्काम ठोकून होता आणि माणसांनाच काय, अंगणातल्या मांजरालासुद्धा 'आपण जरा बाजूला व्हावं' म्हणत असे. आगीच्या ठिकाणी तो सेटांचं प्रात्यक्षिक दाखवायला गेला होता. जुने सेट भर आगीत दगा देतात असं सिद्ध झालं तर सगळ्यात जास्त फायदा त्याचा होता. आगीच्या दुसऱ्याच दिवशी त्याने मोठ्या साहेबांच्या टेबलावर रंगीत माहितीपत्रक ठेवलं होतं, हेही एककान्यांना कळलं. त्यांना जरा बरं वाटायला लागलं. असा आयता आरोपी रोज मिळत नाही.

"हुकूम तुम्ही दिलात," त्यांनी सरळ घाव घातला.

सेटवाल्याने हात जोडले. "आपण कृपया हा आमचा नवा सेट हाती घ्यावा. आणि हा यांचा जुना. आता आपण नव्यात बोलावं."

एककाने नव्या सेटमध्ये बोलले. जुना सेट ढिम्म होता. ते पुन्हा बोलले, जरा चिडून. जुन्या सेटला त्याचं काहीच वाटलं नाही.

"नवे सेट जुन्यांशी बोलत नाहीत," सेटवाला आवाज खाली आणून म्हणाला. "घ्यायचे तर सगळेच बदलावे लागतील. ही बाब मी अद्याप मोठ्या साहेबांच्या कानावर घातलेली नाही. आपणही घालू नये. त्या दिवशी माझ्याकडे हा एकच सेट होता. त्यावर मी हुकूम दिला असता तर तो मलाच ऐकू आला असता. शिवाय फेसात माझा एक बूट गेला. स्वतःचा बूट कोण घालवेल?"

आयता आरोपी असा आयता निसटला. एककान्यांनी हताश होऊन विचारलं, "मग त्या दिवशी लाइनीवर बसलं होतं कोण?"

"ते त्या माणसालाही ठाऊक नसणार," सेटवाला म्हणाला. "कशाने तरी बटण दाबलं जातं. तो आपला बोलत बसतो. त्याचा स्वतःचा सेट तेवढा वेळ मुका असतो, त्यामुळे बाहेर काय गोंधळ चाललाय ते त्याला ऐकू येत नाही. आमच्या नव्या सेटमध्ये त्याला एक लाल दिवा आहे. माहितीपत्रकात, आपण पाहावं."

माहितीपत्रक बघायला वेळ नव्हता. दारात मोठे साहेब घड्याळ बघत उभे होते. "बसची वेळ होत आली," ते म्हणाले. "सही?"

तेवढ्यात एककान्यांचा फोन वाजला. फोन बायकोचा होता, आणि गडबडीत त्यांनी तो उजव्या कानाला लावला.

५

बायको काहीतरी बोलत होती. एवढं फोनच्या थरथरीवरून कळत होतं. एककान्यांनी कान बदलला, पण वाक्याची शेपटीच तेवढी हाती आली.

"...पाणी सोडलं मी," बायको म्हणाली.

"कशावर पाणी सोडलंस?" एककाने दचकले. सध्या त्यांच्या डोक्यात दुसरा विषयच नव्हता.

"सहलीवर. दरवर्षी म्हणता, यंदा जाऊ, आणि दरवर्षी कुठे ना कुठे आग लागते. यंदा मी आधीच पाणी सोडलंय. नाद सोडला म्हणते मी. आशा सोडली. आता बोलणंही समजावून सांगायचं का?"

एककाने उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. त्यांचा चेहरा बघून मोठे साहेब एक पाऊल मागे सरकले.

"तू थोर आहेस," ते फोनमध्ये म्हणाले.

मग बायकोने संशयाने विचारलं, "काय करून ठेवलंत?"

"काही नाही. नंतर बोलतो." त्यांनी फोन ठेवला आणि मोठ्या साहेबांकडे वळले. "सगळ्यांना अंगणात बोलवा. प्रत्येकाच्या हातात आपापला सेट. आणि मामांना जीप आणायला सांगा."

"निघताय?"

"नाही," एककाने म्हणाले. "तो सापडला."

६

अंगणात वाळत घातलेल्या पाइपांखाली सगळे उभे राहिले. मोठे साहेब, भोंगा, धाकटी आणि एका बुटाच्या आठवणीने व्याकूळ सेटवाला. हात मोडलेलाही गळ्यात झोळी अडकवून आला होता. घरात बसून कंटाळला होता बिचारा. जीप फाटकाबाहेर, आवाज पोचणार नाही अशा जागी उभी होती. एककाने तिच्याकडे चालत गेले.

"मामा, एक काम करा. तुमच्या बहिणीच्या यजमानांना फोन लावा आणि वाटणी टिकली का विचारा. मला त्याचा उपयोग आहे. इथेच बसून बोला, पुढच्या सीटवर, नेहमीसारखे."

मामा ओशाळले. "नेहमीसारखं म्हणजे काय साहेब, ती तर मोठ्या साहेबांची जागा."

"मोठ्या साहेबांचे पाय तिथून जमिनीला टेकत नाहीत, मामा. ती सीट कोणातरी उंच माणसाने मागे सरकवली आहे. साहेब उतरले की तुम्ही तिथे बसता. बसा, त्यात पाप नाही."

मामांनी लाजत लाजत आपली उशी ड्रायव्हरच्या जागेवरून उचलली, शेजारच्या सीटवर टाकली आणि ऐसपैस बसले. त्या उशीखाली काय आहे हे त्यांनी पाहिलं नाही. एककाने अंगणात परत आले.

एकदम सगळे सेट गुरगुरायला लागले. पोत्यात मांजर घातल्यासारखे. धाकटीने चमकून वर पाहिलं. गुरगुर वाढत गेली आणि तिच्यातून शब्द सुटे व्हायला लागले.

"...बरं झालं, दाजी. मागची खोली थोरल्याला गेली ना? मग. मी म्हटलंच होतं तुम्हाला. त्या खोलीवर पाणी सोडलंत, म्हणून भाऊ परत मिळाला."

अंगणात भोंग्याचा जबडा खाली आला, आणि त्यातून आयुष्यात पहिल्यांदा आवाज आला नाही.

"इथलं म्हणाल तर काही खरं नाही," सेट सांगत होते. "चौकशीला एक साहेब आलाय. एका कानाने ऐकतो, त्यामुळे त्याला निम्मंच कळतं. आणि आमचे मोठे साहेब म्हणजे नुसती मिशी. मिशी काढली तर खाली खुर्चीच राहील."

"मामा, बंद कर," मोठे साहेब लाल होऊन आपल्या सेटमध्ये ओरडले. "बंद कर म्हणतो ना." सेटने त्यांना दाद दिली नाही. त्यांनी बटण दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. तरी नाही.

"त्या दिवशी असंच झालं होतं," धाकटी हळूच म्हणाली.

"पोरीचं वाईट वाटतं हो, दाजी," मामांचा आवाज आता खाली गेला होता, तरी ऐकू येत होता. "पहाटे सगळ्यांच्या आधी येते. पाइप वाळत घालताना नोझल धरायची नक्कल करायची, कोणी बघत नाहीसं बघून. मी बघायचो. हातात नोझल आलं त्या दिवशी तिने मला दाखवायला आणलं होतं, शाळेतलं बक्षीस दाखवतात तसं. आणि कोणा दुसऱ्याच्या तोंडापायी आता तिला घालवणार. मी ठरवलंय." इथे निकाल आला, मोठ्याने, सुटा सुटा. "तिला काढली. तर मी. जीप सोडली."

धाकटीने टोपी डोळ्यांवर ओढली. हात मोडलेल्याने उरलेल्या हाताने नाक पुसलं. मोठे साहेब आपल्या सेटकडे बघत राहिले. त्यांना मान वर करायची नव्हती.

एककाने जीपपाशी गेले, मामांना हाताला धरून उठवलं आणि उशी बाजूला केली. खाली माइक होता. अंगणातले सगळे सेट एकदम गप्प झाले.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं, फार लांबण न लावता. हुकूम कोणी दिलाच नव्हता. आगीत पाणी मारतात आणि देतात, ते सोडत नाहीत. धाकटीला इथलं कोणी 'सोडा' म्हणत नाही. पण माणूस बहिणीच्या नवऱ्याला म्हणतो. आगीच्या वेळी जीपमध्ये बसून मामांनी फोनवर दाजींना सांगितलं की मागच्या खोलीचा नाद सोडा. लाइनीवर खरोखरच कोणीतरी बसलं होतं, उशी घेऊन. उशीखालून त्यांचं पुटपुटणं गुरगुरीसारखं बाहेर गेलं, आणि निकाल तेवढा स्वच्छ गेला. गोदामालाही नेमकी मागची खोली असावी, हे त्या मालकाचं नशीब.

मामा जीपच्या पायरीवर बसले. एवढा उंच माणूस, पण घडी घातल्यासारखा दिसत होता. "मला दाखवा म्हणालो होतो ना मी," ते म्हणाले. "तो हरामखोर."

धाकटी येऊन त्यांच्या शेजारी बसली.

"मामा, तुम्ही जीप सोडली तर चालवणार कोण?"

"दुसरा मिळेल."

"दुसऱ्याला मी नाही दाखवणार नोझल," ती म्हणाली. आणि मग मामा सगळ्यांसमोर रडले. भुवया पुसायला त्यांनी खिशातून भलामोठा रुमाल काढला.

मोठ्या साहेबांनी घसा साफ केला. "दोषी कोण लिहायचं मग?"

"हूक लिहा," एककाने म्हणाले. "आणि त्याखाली लिहा की यापुढे सेटवर बोलणाऱ्याने आधी आपलं नाव सांगायचं, मग निरोप. ऐकणाऱ्याने तो शब्दशः परत म्हणून दाखवायचा, आणि बरोबर म्हटल्याशिवाय कोणी बोट हलवायचं नाही. परत म्हणता आलं नाही, सेट लागलाच नाही, तर धावत जाऊन विचारायचं. धाकटीला त्या दिवशी विचारायचं होतं. तुमच्याकडे विचारायची रीतच नव्हती."

"आणि ती?"

"ती नोझलवर. आज, आत्तापासून. ते तुम्ही तिला सांगा. तोंडाने."

मोठे साहेब मिशी सावरत धाकटीपुढे जाऊन उभे राहिले. त्यांना बराच वेळ लागला. "नोझल तुझं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "चुकलं माझं." एककान्यांच्या मते दलाच्या इतिहासात हे वाक्य पहिल्यांदाच कोणीतरी ऐकलं असावं. त्यांनी तेवढ्यापुरता डावा कान पुढे केला होता.

७

बसथांब्याच्या वाटेवर मामा गप्प होते. माइक त्यांनी आपल्या त्याच रुमालाने फळीला घट्ट बांधला होता. मेकॅनिक उद्या येणार होता.

एककान्यांनी फोन काढला आणि डाव्या कानाला लावला. "ऐक," ते बायकोला म्हणाले. "सहलीवर पाणी सोडू नकोस. रजा टाकलीच समज. डोंगर म्हणशील तर डोंगर, समुद्र म्हणशील तर समुद्र. आणि हे बघ, इतकी वर्षं मी तुझं निम्मंच ऐकलं, ते कानामुळे नाही. ते माझंच चुकलं. तू माझी..."

पुढचं ते फारच मऊ आवाजात बोलले. त्या सगळ्या वेळात मामा उजवीकडून काहीतरी सांगत होते. आधी हळू, मग मोठ्याने, मग हातवारे करून. पण उजवीकडून एककान्यांना काही सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. शेवटी त्यांनी फोन ठेवला, समाधानाने मागे रेलले आणि ताडकन उठले. रुमालाची गाठ सुटली होती. माइक त्यांच्या मांडीखाली होता.

माइक वर उचलताच जीपमधला सेट खरखरला.

"धाकटी बोलतेय, नोझलवरून," आवाज आला. अगदी नियमाला धरून, गंभीर. मागे भोंग्याचं हसू दाबूनही दबत नव्हतं. "साहेब, निरोप पोचला. परत म्हणते. सहलीवर पाणी सोडू नकोस. डोंगर म्हणशील तर डोंगर, समुद्र म्हणशील तर समुद्र. चुकलं माझं. तू माझी..." ती थांबली. "पुढचं परत म्हणू का?"

मामा रस्त्याकडे एकटक बघत गाडी चालवत होते. त्यांच्या भुवया थरथरत होत्या.

चौकशी अधिकाऱ्यांनी बटण दाबलं. नियम त्यांनीच केला होता, तेव्हा आधी नाव सांगणं भाग होतं.

"एककाने बोलतोय," ते म्हणाले. "पुढचं नको. बाकी बरोबर आहे."